तांबड्या मातीतली रताळी : वर वेल दणकट, खाली नुसत्या मुळ्या

सरीवाला
११ मे २०२६

बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातलं एक एकर रान. तांबडी माती, थोडा उतार, बोअरला पाणी आहे पण बेताचं. गेल्या खरिपाचा हिशेब असा : आर्द्रा निम्म्यावर आल्यावर, म्हणजे जूनअखेर लावण, सपाट वाफ्यात, वेल शेजारच्या जुन्या रानातून ओढून आणलेले. एक ट्रॉली शेण आणि वर दोन पोती युरिया. गणपतीपर्यंत वेल गुडघाभर माजला. काढताना तीन बुडांमागे एकाला धड रताळं. बाकीच्यांना करंगळीएवढ्या मुळ्या, आणि जे निघालं त्यातलं बरंच किडकं.

यंदा नवरात्राचा बाजार धरायचा आहे. बेणं, खत की कीड, नेमकी दुरुस्ती कुठं करायची?

तांबडमाती
११ मे

दुरुस्ती तिन्हीकडं आहे, पण मुळ्या का झाल्या ते आधी बघू.

वेल लावल्यावर पहिल्या आठवड्यात गाठींना ज्या जाड मुळ्या फुटतात, त्यांतल्याच काही पुढं फुगून रताळी होतात. कोण फुगणार आणि कोण नुसती मुळी राहणार, याचा निकाल पहिल्या चार ते सहा आठवड्यांत लागतो. त्या काळात मुळीला हवा मिळाली नाही, म्हणजे वाफ्यात पाणी तुंबलं किंवा माती दाबून बसली, तर ती आतून लाकडासारखी होते. एकदा लाकूड झालेली मुळी नंतर कितीही खत घाला, फुगत नाही. नत्र जास्त झालं तरी हाच प्रकार.

तुमच्या रानात दोन्ही एकदम झालं. ऐन आर्द्रा-पुनर्वसूच्या झडीत सपाट वाफ्यावर लावण, आणि दोन पोती युरिया. ४५ किलोची दोन पोती म्हणजे ४१ किलो नत्र. रताळ्याला एकरी २० किलो पुरतं. शेणातलं नत्र वेगळंच. वेल माजणार नाही तर काय होणार!

तारखेचं म्हणाल तर यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळं घटस्थापना ११ ऑक्टोबरला आहे. गेल्या वर्षी ती २२ सप्टेंबरलाच होती. आपल्याकडचं लाल रताळं ११० ते १२० दिवसांचं. १२ जूनला लावलं तर ५ ऑक्टोबरला ११५ दिवस भरतात. म्हणजे मिरगाच्या पहिल्या आठवड्यात लावलं तर यंदा घाई न करता माल घटस्थापनेला बाजारात जातो. आर्द्रेत गेलात तर दसरा गाठाल, घटस्थापना नाही.

बेणेवाला
१२ मे

वेलाबद्दल. रीतीनं करायचं तर काम मार्चमध्ये सुरू व्हायला हवं होतं, पुढच्या वर्षासाठी लिहून ठेवा. एक एकर लावणीला :

आधी अर्ध्या गुंठ्याहून कमी, म्हणजे साधारण ४० चौरस मीटरची पहिली रोपवाटिका. त्यात निवडलेली ४० किलो रताळी, एकेक सव्वाशे-दीडशे ग्रॅमचं, भोक नसलेलं. दोन फुटांवर वरंबे, वीतभर अंतरावर रताळी. पंधराव्या दिवशी अर्धा-पाऊण किलो युरिया. ४५ दिवसांनी वेल कापून दुसऱ्या रोपवाटिकेत लावायचे, ती दोन गुंठ्यांची. तिला पंधरा आणि तीस दिवसांनी दोन-दोन किलो युरिया. आणखी ४५ दिवसांनी एकराचा वेल तयार. रोपवाटिकेत मात्र युरियाला हात आखडू नका, तिथं आपल्याला वेलच हवा असतो.

हे ४० किलो बेणं बाजारातून आणायचं नाही. काढणीच्या वेळी रानात उभं राहून ज्या बुडाला तीन-चार सारखी, सरळ रताळी आहेत तेच बूड निवडायचं. एकच मोठं आणि चार शेपट्या असलेलं बूड दिसायला जोरदार वाटतं, बेण्याला कामाचं नाही.

यंदा आता वेल विकतच घ्यावे लागणार. विहिरीकडेला उन्हाळ्यात वेल राखलेले लोक असतात. आजच ठरवून ठेवा, मिरगाच्या तोंडावर मागाल तर बुडखेच, म्हणजे वेलाचे बुडाकडचे तुकडेच पदरात पडतील.

सरीवाला
१२ मे

बुडखा आणि शेंडा यात इतका फरक पडतो?

बेणेवाला
१२ मे

दोन कारणांनी पडतो. शेंड्याच्या वेलाला मुळी लवकर आणि सारखी फुटते, बुडखा जून झालेला असतो. आणि रताळं पोखरणारा सोंड्या भुंगा अंडी घालतो ती वेलाच्या बुडाकडच्या जाड भागात. जुन्या रानातला बुडखा म्हणजे भुंग्याचं पार्सल. तुमच्या किडीची सुरुवात तिथंच झालेली असणार.

वेल घेताना एक पेंढी सोडून बघा. बुडाकडचा भाग नखानं उभा चिरायचा. आत तपकिरी बोगदा, भुसा किंवा पांढरी बिनपायाची अळी दिसली तर तो सगळा ढीग नाकारायचा. पानं आखडलेली, पिवळी जाळी पडलेली असतील तरी नको, तो व्हायरस वेलातून पुढं येतो आणि त्याला औषध नाही.

तुकडा फूटभर लांब, चार-पाच गाठींचा. शेंडा पहिला, मधला दुसरा, बुडखा जनावरांना.

मार्कंडेयकाठ
१३ मे

सरीबद्दल कोण बोलालंय का नाही? ते सोडून सगळं चाललंय की हो.

सपाट वाफा आमच्या पश्चिम भागात रताळ्याला चालतच नाही. वरंबाच पायजे, तो बी वीतभर उंच नव्हं, चांगला फूटभर. पावसात बसून तो नऊ इंचावर येतोय. उताराला आडवी सरी मारा, पण बांधाकडं पाणी जायला वाट ठेवा, नायतर खालच्या चार सऱ्यांत तळं होतंय. नांगरट खोल, पण ढेकळं राहू देऊ नका. ढेकळाला आपटून रताळं वाकडं होतंय, आणि वाकड्याला दलाल हात लावत नाही.

अंतर दोन फूट सरी, वेलात आठ इंच. वरंब्याच्या डोक्यावर वेल आडवा ठेवायचा, मधल्या दोन-तीन गाठी मातीत दाबायच्या, दोन्ही टोकं बाहेर. काही जण उभा खोचतात. उभ्याला खाली एकाच जागी गुच्छा होतोय आणि रताळी एकमेकाला दाबून चपटी होतात.

तांबडमाती
१३ मे

मार्कंडेयकाठ अण्णा बरोबर बोलले. दोन फूट बाय आठ इंच धरलं तर एकरी ३२-३३ हजार वेल लागतात. त्यात नांगी भरायला, म्हणजे मेलेल्या वेलाच्या जागी नवा लावायला पाच टक्के वाढवा. नांगी दहा-बारा दिवसांच्या आतच भरायची, त्यानंतर लावलेला वेल शेजारच्या सावलीत गुदमरतो.

खत एकरी २० किलो नत्र, १० स्फुरद, २० पालाश. पोत्याच्या भाषेत युरिया ४३ किलो, सिंगल सुपर फॉस्फेट ६२ किलो, म्युरेट ऑफ पोटॅश ३३ किलो. सुपर, पोटॅश आणि निम्मा युरिया सरी मारताना. उरलेला युरिया लावणीनंतर चार-पाच आठवड्यांनी, भांगलण (खुरपणी) करून माती लावताना. डीएपी (नत्र-स्फुरदाचं जोडखत) वापरणार असाल तर २२ किलो डीएपीत स्फुरद भागतं आणि युरिया ३५ किलोवर आणा. डीएपीतून ४ किलो नत्र आलेलं असतं, ते बरेच जण मोजतच नाहीत.

पोटॅश टाळू नका. रताळं भरतं ते पोटॅशवर, आणि नेमकं तेच वाचवलं जातं, कारण वेलाच्या रंगात त्याचा फरक दिसत नाही.

शेणखत एकरी दोन टन पुरे, पण कुजलेलं. ओलं शेण घातलं की हुमणी आलीच म्हणून समजा.

नाचणीवाला
१४ मे

हुमणीचा विषय निघाला म्हणून विचारतो. "बरंच किडकं" म्हणजे नेमकं कसं किडकं होतं? भुंग्याची कीड आणि हुमणीची कीड वेगळी, दोन्हींचा इलाजही वेगळा.

वरून उथळ, रुंद, खरवडल्यासारखे खड्डे आणि मातीत इंग्रजी सी अक्षरासारखी वाकलेली पांढरी जाड अळी, तिचं डोकं तपकिरी : ही हुमणी. रताळ्याचा तेवढा भाग कापला तर उरलेलं खाता येतं. बारीक भोकं, आत वेडेवाकडे बोगदे, त्यात काळपट भुसा, कापल्यावर उग्र वास आणि चव कडू : हा सोंड्या भुंगा. याचं एक भोक असलं तरी सगळं रताळं कडवट होतं. शिजवून कडूपणा जात नाही.

सरीवाला
१४ मे

दुसऱ्या प्रकारचं. कडू होतं आणि वास होता. हुमणी एखाददुसरीच दिसली होती.

नाचणीवाला
१४ मे

मग भुंगाच. पण हुमणीचं काम आत्ताच हातात आहे तेवढं करून घ्या. वळवाचे दोन चांगले पाऊस झाले की तिचे भुंगे संध्याकाळी बाहेर पडून बांधावरच्या कडुनिंब, बाभूळ, बोरीवर बसतात. दिवस मावळल्यावर फांद्या हलवायच्या, खाली पडलेले रॉकेलमिश्रित पाण्याच्या बादलीत. शेजारीपाजारी मिळून चार रात्री केलं तरच उपयोग, एकट्यानं केलं तर शेजारच्या बाभळीवरनं परत येतात. दुकानदारानं फोरेटची दाणेदार पिशवी पुढं केली तर घेऊ नका, त्यावर बंदी आहे.

तांबडमाती
१५ मे

भुंग्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण औषधाच्या बाटलीनं याचं काम होत नाही.

दिसायला मुंगळ्यासारखा. डोकं आणि पंख निळे-काळे चकचकीत, मधला भाग आणि पाय तांबूस, पुढं लांब सोंड. दिवसा पानाखाली लपतो, म्हणून रानात हिंडून "काही नाही" म्हणू नका. रात्री टॉर्च घेऊन वेलाच्या बुडाशी बघा. मादी सोंडेनं बारीक खळगा करते, त्यात एक अंडं घालते आणि काळपट विष्ठेनं तोंड बंद करते. रताळ्यावर टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके दिसतात ते हेच. महिनाभरात पुढची पिढी तयार, म्हणजे एका पिकात तीन तरी पिढ्या.

आता मुद्दा असा, की भुंग्याला माती खणता येत नाही. तो रताळ्यापर्यंत पोचतो तो मातीतल्या भेगेतून. आणि वरंब्याला भेग पडते ती काही फक्त उन्हानं नाही, आतलं रताळं फुगतं म्हणून वरंबा फाटतो. मघा-पूर्वात पावसानं ओढ दिली आणि त्याच वेळी रताळं भरायला लागलं की वरंब्यावर बोट जाईल अशा चिरा पडतात. भुंगा तिथून आत जातो. म्हणून माती दोनदा लावायची : तिसाव्या दिवसाच्या सुमारास भांगलणीबरोबर, आणि साठाव्या दिवशी परत. ही दुसरी बहुतेक जण टाळतात, कारण वेल पसरलेला असतो आणि कामाला माणूस मिळत नाही. वेल एका अंगाला सारून खोऱ्यानं सरीतली माती वरंब्याच्या खांद्यावर ओढायची, चिरा बुजल्या पाहिजेत. भाद्रपदात आठ-दहा दिवस पाऊस नसेल आणि बोअर चालत असेल तर एक हलकं पाणी द्या, चिरा मिटतात.

कामगंध सापळे गुंठ्याला एक, म्हणजे एकराला चाळीस. लावणीनंतर महिन्याभरात बसवायचे. पसरट भांड्यात साबणाचं पाणी, वर मादीच्या वासाची गोळी टांगलेली, उंची वेलाच्या बरोबरीनं. यात फक्त नर येतात, त्यामुळं "सापळे लावले, आता माती कशाला" हा हिशेब चुकतो. आणि एकट्या एकरानं लावण्यापेक्षा पट्ट्यातल्या सगळ्यांनी लावले तर फरक जास्त.

रान भुंग्याचं राहू नये म्हणून काढणीनंतर राहिलेले बुडखे, किडकी रताळी गोळा करून जाळायची किंवा खोल पुरायची. बांधावर टाकायची नाहीत. ओढ्याकाठची बेशरम रताळ्याच्याच कुळातली, भुंग्याला बिगरहंगामात तिथंही आसरा मिळतो. आणि त्याच रानात लागोपाठ रताळं नको. खालच्या अंगाला भात, वरच्याला नाचणा, असं फिरवा.

चंदगडवाट
१५ मे

वेल औषधात बुडवून लावायची जुनी पद्धत आहे, तिचं काय?

तांबडमाती
१५ मे

जुन्या पुस्तिकांत फेन्थिऑनमध्ये बुडवा असं सापडेल. त्यावर २०१८ पासून बंदी आहे. दुसरं काही वापरायचं तर बाटलीच्या लेबलवर रताळ्याचं नाव आहे का ते बघा, नसेल तर कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात किंवा बागायत खात्यात विचारून मगच. शेंड्याचं निरोगी बेणं घेतलं तर बुडवण्यातून मिळणारा फायदा निम्म्याहून जास्त तिथंच मिळतो, असं माझं मत.

मार्कंडेयकाठ
१६ मे

वेल परतायचं राहिलं. झडीत वेल सरीत पडून गाठीगाठीला मुळ्या धरतोय, मग अन्न सगळीकडं वाटलं जातंय. आमच्याकडं दोनदा वेल उलटवतात.

बेणेवाला
१६ मे

काका, उलटवणं नको, उचलणं पुरे. वेल उलटा करून दुसऱ्या बाजूला टाकला की पानं खाली, देठ वर. ती पानं परत सरळ व्हायला आठवडा जातो, काही कुजतात, आणि तेवढे दिवस अन्न तयार होत नाही. हातानं किंवा काठीनं वेल जागच्या जागी वर उचलून मुळ्या तोडायच्या आणि तसाच खाली सोडायचा. ४० ते ७० दिवसांच्या मधे, मोठी झड संपल्यावर. उन्हाळी रताळ्याला याची गरजच नाही, सरी कोरडी असते.

मार्कंडेयकाठ
१६ मे

बरं, उचलणं म्हणा. पण पोरींना रोजंदारीवर सांगितलं की त्या उलटवूनच टाकतात, उभं राहून बघायला पायजे.

डोंगरकड
१७ मे

जंगलाच्या कडेला रान असेल तर रानडुक्कर विसरू नका. ९० दिवसांनंतर वास लागला की एका रात्रीत पाच गुंठे उकरतात. झटका देणारं सौर कुंपण, खालची तार जमिनीपासून अर्ध्या-पाऊण फुटावर, नाहीतर डुक्कर खालून शिरतं. तारेला गवत टेकलं की झटका उतरतो, म्हणून दर आठवड्याला तारेखालची पट्टी मोकळी करा. मीटरची वीज थेट तारेत सोडायची नाही, माणूस मरतं आणि गुन्हा दाखल होतो. नुकसान झालंच तर रान सारखं करायच्या आधी फोटो काढा, पहाणी उतारा आणि पासबुक जोडून वनखात्याकडं अर्ज द्या.

अडतीवर
१८ मे

बाजाराच्या अंगानं चार गोष्टी.

तयार झालंय का ते बघायला तीन-चार ठिकाणचं एकेक रताळं काढून मधोमध कापा आणि पाच मिनिटं ठेवा. चीक पांढरा राहून सुकला तर तयार. काप हिरवट-काळा पडला तर अजून आठ-दहा दिवस. पानं पिवळी पडली एवढ्यावर जाऊ नका, पावसाच्या ओढीनंही पडतात.

काढणी ५ ऑक्टोबरला धरलीत तर ती हस्तात येते. दुपारनंतर गडगडाट ठरलेला. सकाळी वेल कापायचा, दहा वाजेपर्यंत जेवढं भरून होईल तेवढंच उकरायचं. सगळं रान एकदम उकरून ठेवून संध्याकाळी भिजलं की माल दोन दिवसांत मऊ पडतो. नांगरानं काढताना तास वरंब्याच्या मधून नको, बगलेतून घ्या, नाहीतर चिरलेल्या मालाचाच ढीग होतो.

धुण्याबद्दल. लाल रंग खुलतो म्हणून ओढ्यावर पाय देऊन धुतात आणि ओलंच पोत्यात भरतात. साल सोलवटते, आणि पोत्याच्या मधला माल तिसऱ्या दिवशी पाणी सोडतो. इथल्या बाजारात त्याच दिवशी विकायचं असेल तर धुवा, सावलीत पूर्ण वाळवा, मग भरा. लांब जाणाऱ्या गाडीत माल चढणार असेल तर माती नुसती झटका. वाटेत सडलेला माल पुढच्या सौद्यात तुमच्याच दरातून कापला जातो.

मालाच्या प्रती तीनच करा : मनगटाएवढं सरळ रताळं, त्याहून मोठं, आणि बारीक-तुटकं. भोकाचं एकही पोत्यात नको. दलाल पोत्यात हात घालून मधलं काढून मोडतो, तिथं बोगदा दिसला की सगळ्या ढिगाचा दर पडतो. आत केशरी असणारी भू सोना किंवा जांभळी भू कृष्णा या जाती चांगल्या आहेत, पण त्यांना ठरलेलं गिऱ्हाईक लागतं. अडतीवर उपासाला लाल सालीचं, आत पांढरंच चालतं.

सरीवाला
१८ मे

दर पडला तर पंधरा दिवस ठेवता येईल का? शीतगृहात?

अडतीवर
१८ मे

शीतगृहात नको. १३ अंशांखाली रताळ्याला थंडी बाधते, आतून कडक होतं आणि शिजत नाही. बटाट्याच्या खोलीत तर मुळीच नाही. घरी ठेवायचं तर न धुता, जखम नसलेलं निवडून, चार-पाच दिवस ऊबदार दमट खोलीत गोणपाट पांघरून ठेवा. साल घट्ट होते, बारीक ओरखडे भरून येतात. मग हवेशीर कोरड्या जागी. त्या सुरुवातीच्या दिवसांत उलथापालथ करायची नाही.

नाचणीवाला
१९ मे

राहिलेलं एक. वेल जनावरांना उत्तम, म्हशी आवडीनं खातात. पण किडकी-बुरशी आलेली रताळी गोठ्यात टाकायची नाहीत. सडक्या रताळ्यात तयार होणाऱ्या विषानं जनावराच्या फुफ्फुसात पाणी होतं, धाप लागून मरतं. "शिजवून घातली तर चालतात" हेही खरं नाही.

सरीवाला
२० मे

वेल ठरवले. शंभराची एक पेंढी, साडेतीनशे पेंढ्या, शेंडा आणि मधला तुकडाच, ११ जूनला कापून देणार. त्या दिवशी पाऊस लागून रानात जाता आलं नाही तर पेंढ्या कशा ठेवायच्या? पाण्याच्या टाकीत बुडवून?

बेणेवाला
२० मे

टाकीत नको, कुजतात. पानांसकट पेंढ्या सैल बांधून सावलीत उभ्या ठेवा, गोठ्याची पडवी चालेल. वर ओलं गोणपाट. एक-दोन दिवस असे राहिले तर उलट चांगलं, गाठींना पांढरे मूळकोंब सुटतात आणि रानात लवकर धरतात. तिसऱ्या दिवशी मात्र लावायलाच पाहिजेत. पेंढ्या एकावर एक रचू नका, मधल्या तापतात. आणि साडेतीनशे मोजून घेताना चार-पाच पेंढ्या सोडून तुकडे मोजा, शंभराच्या पेंढीत ऐंशीच निघतात कधीकधी.